पाहुण्यांच्या बाजा

मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १८४७. बीड.
माजलगावच्या सुंदररावांना विंचू चावला. आमच्याच घरी, अंगणापलीकडच्या खोलीत, जमिनीवर निजलेले असताना. आज त्यांची अदालतीत पेशी होती, आणि ते सुजलेला पाय घेऊन ओट्यावर पडून! पेशी पुढं ढकलली. भावोजी त्यांचे वकील. त्यांना फार लागलं ते. म्हणाले, लोक इतक्या लांबून आपल्या भरवशावर येतात, एक रात्र, दोन रात्री राहतात, त्यांना धड टेकायला जागा नाही. त्या खोलीत दोन बाजा आणि गाद्या करायच्या. आणि ते सगळं वहिनींनी बघायचं.
म्हणजे मी. ह्यांच्यामागं नऊ वर्षांत या घरातलं एखादं काम कुणी माझ्यावर विश्वासानं टाकलंय, ते हेच.

शुद्ध ६.
माळ्यावरची जुनी सुतळीची बाज काढली. उन्हात आपटली तर फटीफटींतून ढेकूण. सुतळीच्या विणीत त्यांची वस्ती कायमची. नको.

शुद्ध ९.
सुतार आश्रुबा येऊन गेला. त्याला उंच, कोरीव पायांचे पलंग करायचे होते, वकिलाच्या घरी शोभतील असे. मी म्हटलं, म्हातारी माणसं येतात. बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत, उठताना कुणाचा हात धरावा लागू नये. मग बाभळीच्या साध्या बाजा ठरल्या, गुडघ्याएवढ्या. वर सुतळी नाही, नवार. ही सुती पट्टी सोडवून उकळत्या पाण्यात घालता येते.
सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, तुला बाजांतलं बरंच कळतं.
बोलण्यात गोडवा नव्हता.

शुद्ध १३.
आश्रुबाच्या बाजा आल्या. काल चाँद पिंजाऱ्यानं पहिली गादी भरून आणली. टम्म फुगलेली, चौदा शेर कापूस. भावोजी खूश. त्यावर चौसाळ्याचे बबनराव निजले, आणि सकाळी बघते तर बाजेखाली घोंगडीवर! विचारलं तर संकोचले. म्हणाले, "आत बुडाल्यागत होतंय, बाई. कूस बदलाया येईना."

पौर्णिमा.
चाँदची आई रहेमतबी स्वतः आली. सत्तरीची असेल. गादी दाबून पाहिली आणि लेकाला पिंजाऱ्यांच्या बोलीत बरंच सुनावलं. मला म्हणाली, सात शेर बास, टाके जवळ जवळ घालते, कापूस सरकायचा नाही. आणि गादी एका बाईला उचलून उन्हात टाकता आली पाहिजे, नाहीतर ती कधी उन्हात जात नाही. हे मला सुचलं नव्हतं. वर मांजरपाटाची खोळ, दोन-दोन, म्हणजे एक धुवायला. कुणाच्या अंगाखालचं कुणाला चालत नाही, ही कटकटही खोळ बदलली की मिटते.
जाताना तिनं विचारलं, "तुमी सोता निजून बघितलं का?"
मी नाही म्हटलं.
"मग कसं कळंल, बाई?"
तिला काय सांगू? आमच्यात विधवेनं बाजेवर निजायचं नसतं. निजली तर वर गेलेला नवरा स्वर्गातून खाली येतो म्हणतात. नऊ वर्षं मी सतरंजीवर आहे. सासूबाई एकतीस वर्षं.

मार्गशीर्ष वद्य ३.
नव्या गाद्या आल्या. सात शेरांच्या. हातानं दाबून पाहिल्या. हाताला काय कळणार?

वद्य ५.
आज दुपारी निजले.
आधी नुसती बसले. मग म्हटलं, पाठ टेकून बघू, कमरेखाली खोलगट लागतंय का, तेवढंच. खोली रिकामी होती. पडले. कमरेतली ती सततची कळ, जी मला वाटायचं वयाचीच आहे, ती हळूहळू निवली. आढं बघत होते. मग डोळा कधी लागला कळलं नाही.
जाग आली तेव्हा सासूबाई उशाशी उभ्या होत्या.
"उतर," म्हणाल्या. बाकी काही नाही.

वद्य ६.
बोलत नाहीत. माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही.

वद्य ८.
अजून तेच. भावोजींना काही माहीत नाही, किंवा माहीत असून दाखवत नाहीत.
लाज वाटते खरी. पण कशाची ते शोधते आहे. ह्यांना वाईट वाटलं असेल म्हणून? माझं नुसतं डोकं दुखलं तरी हे शाळेतलं शिकवणं सोडून दोनदा घरी येऊन बघायचे. अक्षर काढायला शिकवताना माझी मान अवघडली, तर पाठीशी लोड आणून ठेवला होता. असा माणूस माझी कंबर दुखायची थांबली म्हणून खाली कसा येईल? पुष्कळ विचार केला. मला ते पटत नाही. इथं लिहून ठेवते, कारण तोंडानं कुणाला सांगता येणार नाही.

वद्य १२.
नेकनूरहून भिवराबाई आली, जमिनीच्या तंट्यासाठी. दिरानं बांध सरकवलाय. तीही विधवा, साठीच्या पुढची. शेतकरी बाई. भाकरी खाल्ली आणि सरळ बाजेवर आडवी झाली. सकाळी म्हणाली, कैक वर्षांत अशी झोप लागली नव्हती. तिच्यात आमच्यासारखी बंधनं नाहीत.
सासूबाई ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होत्या. भिवराबाईनं शेजारी बसून सहज विचारलं, "बाई, एवढ्या थंडीत तुमी खाली कावून निजता?"
माझा हात चुलीपाशी थांबला.
"सवय हाये," सासूबाई म्हणाल्या. तिच्याशी बोलताना तिच्यासारखंच बोलल्या. मग तेल चोळता चोळता, "पहिल्या वर्षी लई रडू यायचं. मग सवय झाली."
भिवराबाईनं तेलाची वाटी घेतली आणि त्यांचा दुसरा गुडघा चोळायला लागली. सासूबाईंनी पाय मागं घेतला नाही. आणि बाई परक्या जातीची!
एकतीस वर्षांपूर्वी म्हणजे त्या तेव्हा माझ्याहून लहान होत्या. हा हिशेब मी आधी कधी केलाच नव्हता.

पौष शुद्ध २.
पाणी माझ्या हातचं घेतात आता. बाजेचा विषय नाही.

शुद्ध ८.
कडाक्याची थंडी. भिवराबाईच्या गावचा माणूस सांगत आला, बांध पूर्वीच्या जागी आला. भावोजी आनंदात. मी दोन्ही खोळी धुतल्या, गाद्या एकटीनं उन्हात टाकल्या. जमतं.

शुद्ध ११.
दुपारी चौसाळ्याचे दोघे पक्षकार आले. खोली उघडायला गेले, तर दार आतून लोटलेलं. आत सासूबाई. बाजेवर, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन गाढ झोपलेल्या. दार तसंच ओढून घेतलं. त्या दोघांना ओट्यावर बसवलं, खोली मोकळी नाही म्हणून सांगितलं.
दिवेलागणीला त्या बाहेर आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सत्यभामे, उद्यापासून दुसऱ्या बाजेवर तू निजत जा. एकटीला मला लाज वाटते."