तळ्याकाठी पालथे पडलेले बाबा

रविवार, १० मे. आखन, जर्मनी

संध्याकाळी चहा घेऊन मागच्या बागेत गेले, तर सासरे तळ्याकाठी गवतात पालथे पडलेले. चेहरा पाण्याला टेकल्यासारखा. एक चप्पल पायातून निसटून उलटी पडलेली. गेल्याच वर्षी बायपास झालीय त्यांची. "बाबा, अहो बाबा," दोनदा हाक मारली. काहीच हालचाल नाही. नवऱ्याला, निखिलला, आता काय सांगू, हाच विचार आधी का आला माझ्या मनात? ती उलटी चप्पल डोळ्यांसमोरून जात नाही.

कप टाकून धावत पोचले, तेव्हा त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. "हळू. मोल्श अंडी घालतेय."

पाण्यात बोटाएवढी, पालीसारखी ती मोल्शची मादी मागच्या पायांनी पान दुमडून त्यात अंडं लपवत होती.

"हाक ऐकू नाही आली तुम्हाला?"

"आली गं. पण हललो असतो तर ती पळाली असती."

रागावणार होते, पण तिथेच ओल्या गवतात मटकन बसले. बाबांना वाटलं, मलाही बघायचंय. त्यांनी जरासं सरकून मला जागा करून दिली.