मासे नसलेलं तळं

बाबा, त्या पाझर तलावात मासे नव्हते हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना? खरं सांगा. मी आता सत्तेचाळीस वर्षांची आहे, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, माझी समजूत काढायची काही गरज नाही. नोकरी तुमची मत्स्यव्यवसाय खात्यात. कुठल्या तलावात किती मत्स्यबीज सोडलं ते तुम्हाला तोंडपाठ. आणि मला मात्र दर रविवारी सायकलच्या दांडीवर बसवून त्या गुडघाभर डबक्यावर न्यायचात! तीन वर्षं मी तिथे गळ टाकून बसले. तीन! लावलेलं गांडूळ जसंच्या तसं वर यायचं. वाटेत तुम्ही चांगलं तळं कसं ओळखायचं ते शिकवायचात. बुडालेल्या बाभळी बघ, मासा आडोशाला राहतो. वारा ज्या काठाला लागतो तिथे बस, खाणं तिकडेच वाहत येतं. पाणकावळा पंख वाळवत बसलेला दिसला तर समज, तो काही हवा खायला आलेला नाही. मी म्हणायचे, हे सगळं तर धरणावर आहे, मग तिथेच जाऊ की. एकदा हट्टानं रस्त्यातच बसकण मारली, तेव्हा तुम्ही फाडकन कानाखाली दिलीत. आयुष्यात एकदाच. त्या दिवशी घरी आई शिरा परतत होती आणि तुम्ही न जेवता उठलात. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं की माझ्या हाताला यशच नाही. बारावीला, मुलाखतींना, इथल्या ड्रायव्हिंग टेस्टलासुद्धा मी तेच मनात घेऊन गेले.

आता इथे परदेशात, शॅनन गावी, माझी लेक सोळाची झालीय. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. शेजारच्या आजोबांनी तिला त्यांचा जुना रॉड दिला आणि बाईसाहेबांना मासेमारीचं वेडच लागलं. पोहता धड येत नाही. या क्लेअर जिल्ह्यात जाल तिथे तळं, आणि काठावर हिरवंगार गवत दिसतं म्हणून पाय ठेवावा तर खाली कमरेइतका चिखल. माझा जीव थाऱ्यावर राहीना. मग मी काय केलं माहितेय? सकाळची शिफ्ट सुटली की गाडी काढून तळी बघत हिंडले. तुमचे सगळे नियम लावले, पण उलटे. बुडालेलं झाड नको, पाणकावळा नको, एकदम खोल उतरणारा काठ नको. असं एक उथळ, खडकाळ, ओकंबोकं तळं शोधून काढलं आणि तिला म्हटलं, "हे एकदम ग्रँड आहे बघ, पर्च भरपूर." पर्च म्हणजे इथला पट्ट्यापट्ट्यांचा मासा. सगळा वसंत ती दर शनिवारी तिथे गेली. दर शनिवारी रिकाम्या हातानं परत. मला हायसं वाटायचं, काय सांगू! मग एका शनिवारी मी पोळ्या लाटत होते, तर ती आली, रॉड भिंतीला टेकवला, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, इट्स मी. आय ॲम नो गुड ॲट एनीथिंग." तव्यावरची पोळी करपली.

मी आईला फोन लावला, सगळं कबूल केलं, तर ती हसायलाच लागली. "अगं, तुझ्या बाबांनी तरी दुसरं काय केलं? बीज सोडताना त्यांच्या डोळ्यांदेखत खात्यातला माणूस धरणात बुडून गेला. त्यानंतर त्यांनी तुला धरणाच्या काठी जाऊ दिलं नाही." बाबा, तिला इतकी वर्षं माहीत, आणि मला कुणी सांगायचं नाही? इतका राग आला तुमचा! तुम्ही भ्यालेले होतात, आणि मी मला नालायक समजत राहिले. एक वाक्य, बाबा. "मला भीती वाटते" एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं. नंतर सिंकपाशी उभी राहून मी खूप रडले, कारण तुमची भीती मला आता नीट कळत होती.

म्हणून लेकीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सो विच लेक, देन?" मी सांगितलं. पाण्यात वाकलेली झाडं, लाकडी धक्का, धक्क्यापाशीच खोल पाणी, आणि खांबावर पाणकावळा. लाइफ जॅकेट आणलं, तिनं कुरकुर न करता घालून बघितलं. आज सकाळी निघताना म्हणाली, "तू यायचं नाही." चक्क मराठीत. मी म्हटलं, बरं बाई.

मी झाडांमागे गाडीत बसलेय, बाबा. हे औषधांच्या कागदी पिशवीवर लिहितेय आणि कुणाला पाठवणारही नाहीये. इथून तिचं केशरी जॅकेट तेवढं दिसतं. आत्ता रॉड वाकलाय. चांगलाच वाकलाय, आणि ती धक्क्याच्या कडेला पुढे झुकलीय. तिला सगळं सांगितलं म्हणाले ना मी, पण एवढं कधीच सांगणार नाही. या क्षणी मी हात जोडून म्हणतेय, सुटू दे तो मासा.