नावाड्याच्या गोष्टीचा शेवट

प्रिय आरोही,

फोनवर तुझं ‘सगळं मस्त, आई’ ऐकलं की मला पुढचं बोलताच येत नाही, म्हणून कागद घेतला. तू रेडमंडला, मी इथे ईडन प्रेरीला नकुलच्या घरी. एकाच देशात राहून आई पत्रं लिहिते म्हणून हसशील. हस. मी ठीक आहे. तू आहेस का, हे मात्र हल्ली तुझ्या आवाजावरून कळेनासं झालंय.

आधी माझी बातमी. मी मल्याळी कथा मराठीत आणतेय. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तरीही. शेजारच्या शीलाचे वडील, भास्करन मास्तर, वाचतात आणि त्यांच्या चेंबूरच्या हिंदीत अर्थ सांगतात. मी मराठीत उतरवते. बाबा गेल्यावर इथे आले तेव्हा मी दिवसदिवस सोफ्यावर नुसती बसून असायचे. मास्तरांनीच एकदा जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला आणि ऐकणार का म्हणून विचारलं.

मास्तरांना पाल्हाळ लावायला फार आवडतं. सुरुवात थेट मणिप्रवाळापासून, म्हणजे संस्कृत आणि मल्याळम एकाच माळेत ओवलेल्या कवितेपासून. तुझ्या भाचीचं, नकुलच्या केयाचं, मराठी-इंग्लिश ऐकून मी कुरकुरले, तर म्हणाले, “हमारा लिटरेचर भी ऐसाइच चालू हुआ.” मग पोपटाच्या तोंडी घातलेली काव्यं, मग बड्याबड्यांची टर उडवणारी नाचगाणी, मग कादंबऱ्या, आणि पुढे कथेत मजूर आले, कोळी आले, स्वयंपाकघरात कोंडलेल्या बायका आल्या. मला सगळ्यात आवडले ते विडी कामगार. एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटच्या विड्या वळायच्या. मास्तरांचे वडील असे वाचणारे होते. वाचणाऱ्याने पदरचं काही घालायचं नाही, हा तिथला नियम.

तो मास्तरांनीच मोडला. ओणमला शीलाकडे जेवताना मी कौतुकाने नावाड्याची गोष्ट सांगितली. पुरात गेलेला नावाडी शेवटी घरी येतो आणि बायको त्याला गरम पेज वाढते. शीलाने ती कॉलेजात वाचलेली. म्हणाली, “नो आँटी, ही डझन्ट कम बॅक. ओन्ली द बोट.” मास्तर पानातलं पायसम बोटाने फिरवत राहिले. जिथे जिथे नवरा मरत होता, तिथे तिथे त्यांनी मला तो वाचवून दिला होता.

मी चिडले. बरेच दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही. मला जपायला केलं हे कळत होतं, पण मला काय झेपेल ते दुसऱ्याने का ठरवावं? शेवटी मीच गेले आणि म्हटलं, आता आहे तसं वाचा. त्यांनी वाचलं. होडी रिकामीच आली. बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा पोटभर रडले आणि मग शीलाकडून भात मागून घेऊन जेवले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिवाळीचं पार्सल मिळाल्यावर मी विचारलं, सुशांतला चकल्या आवडल्या का? तू म्हणालीस, एका बैठकीत फस्त केल्या. अगं, चकल्यांचा डबा पार्सलमध्ये घालायचाच मी विसरले होते. नंतर तो इथेच कपाटात सापडला. मग मी आठवत बसले, जावईबापू शेवटचे फोनवर कधी आले? तू सांगतेस, कधी मीटिंगमध्ये आहे, कधी जिममध्ये. तो घरी राहत नाही ना, बाळा? नकुलने मला काही सांगितलेलं नाही, त्याच्यावर रागावू नकोस. नवरा गेलेल्या आईला आणखी त्रास नको म्हणून तू एकटीने हे सोसते आहेस, या विचाराने माझा जीव तुटतो. आहे तसं सांग. मी ऐकेन, रडेन आणि मिळेल त्या विमानाने तुझ्याकडे येईन.

फोनजवळच बसलेली,
तुझीच आई