आनंदीबाईंच्या दुकानाबाबत

मी, माधव विनायक खांबेटे, वय ७८, निवृत्त अल्पबचत प्रतिनिधी, राहणार नारायण पेठ, पुणे, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वीचे मसुदे मी फाडले आहेत. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन थाऱ्यावर आहे असे त्यांनी लिहिलेले नाही, ते बरोबरच आहे.

१. माझी राहती सदनिका मुलगा सलिल यास मिळावी. वारज्याला त्याचे स्वतःचे प्रशस्त घर आहे, त्याला हिची गरज नाही, हे आम्ही दोघेही जाणतो. तरी मुलगा आहे. ही सदनिका माझ्या काटकसरीचे फळ आहे, असे सगळे मानतात. जन्मभर दारोदार जाऊन मी लोकांना बचत करा म्हणून सांगितले आणि स्वतःही केली. त्या साऱ्या बचतीत आज या घराचे न्हाणीघर आले असते, फार तर बाल्कनी. बाकीचे घर पेठेतल्या जागेचे भाव चढले म्हणून आले. ते चढत होते तेव्हा मी दुपारचा झोपलेला असे.

२. बँकेतील व पोस्टातील सर्व ठेवी मुलगी अस्मिता हिला मिळाव्यात. ती धायरीला राहते, खासगी शाळेत शिकवते. तिला उधळी म्हणणाऱ्या नातेवाइकांनी तिचा पगार एकदा विचारावा आणि मग गप्प बसावे.

३. इमारतीच्या तळमजल्यावरील माझ्या नावचे छोटे दुकान श्रीमती आनंदीबाई यांना व त्यांच्या पश्चात त्यांचा मुलगा साईनाथ यास मिळावे. याला सलिलची हरकत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या इमारतीत जिन्याखाली आनंदीबाई इस्त्री करत. मी इथे राहायला आलो त्याच वर्षी त्या आल्या. मी घर घेतले, त्यांनी जिन्याखालच्या जागेचे भाडे सोसायटीला भरले, कधी न चुकता. पुनर्विकास ठरला तेव्हा आम्हा सभासदांना वाढीव जागा मिळणार होती आणि आनंदीबाईंना महिन्याभरात जागा सोडण्याची सूचना. सभेत मी विचारले, "त्यांचे काय?"

अध्यक्ष तात्याराव म्हणाले, "इतक्या वर्षांत चार पैसे बाजूला टाकले असते तर ही वेळ आली नसती. अहो, तुमच्यासारखा बचतवाला माणूस इमारतीत असून शिकल्या नाहीत, आता काय करणार?"

सगळे हसले. माझेही तोंड हसण्यासाठी उघडले होते. ते तसेच राहिले. मी म्हणालो, "मी सही करत नाही."

बिल्डरला सर्वांच्या सह्या हव्या होत्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. दिवाळीच्या फराळाचे ताट प्रथमच कोणाकडून आले नाही. सलिल येऊन म्हणाला, "बाबा, चॅरिटी करायची तर पैसे द्या ना. प्रॉपर्टी कशाला अडकवताय?"

"पैसे दिले की उपकार होतो," मी म्हणालो. "जागा दिली की त्या शेजारीण होतात."

"आणि आमचं काय?"

शेवटी माझ्या वाढीव जागेच्या बदल्यात बिल्डरने तळमजल्याला एक दुकान करारात लिहून दिले. मी सही केली. आनंदीबाईंना सांगायला गेलो तर त्या इस्त्री खाली ठेवून म्हणाल्या, "फुकट नको, भाऊ. उद्या तुमचा मुलगा काढील. मग पोराला काय सांगू?"

"मग काय करू?"

"भाडं घ्या. पावती द्या. आन् कागदावर लिहून ठिवा."

भाडे घेतो, पावती देतो. कागदावर लिहिणे राहिले होते, ते आज करत आहे. सलिल, कोर्टात जायचे असेल तर जा. पण त्याआधी एकदा दुकानात जाऊन त्यांच्यासमोर बस आणि तुझे म्हणणे त्यांना सांगून बघ.

४. तात्यारावांना माझ्याकडून काही नाही. त्यांच्या चार सदनिका आहेत आणि चारही वडिलांकडून आल्या आहेत. बचतीवर त्यांनी यापुढेही व्याख्याने द्यावीत.

५. माझी स्कूटर भंगारात द्यावी. विधी करू नयेत. पत्नी मंदाकिनी हिचा फोटो भिंतीवरून काढू नये. माझा लावू नये.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अस्मिताने करावी. ती भावाशी भांडू शकते.

एवढे लिहिल्यावर हलके वाटेल असे वाटले होते. वाटत नाही. शेजारची इमारतही आता पाडणार आहेत. तिच्या फाटकाशी एक बाई फुले विकतात. त्यांचे नावही मला माहीत नाही. उद्या तिथे सभा आहे. मी तिथला सभासद नाही, मला बोलायचा अधिकार नाही. तरी जाऊन बसणार आहे. बाहेर काढले तर फाटकाशी बसेन. तिथे कोणाचे काय ऐकून घ्यावे लागेल आणि या वयात ते सोसेल की नाही, सांगता येत नाही, म्हणून सही आजच करतो.

माधव विनायक खांबेटे
(सही)

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या. आम्हास या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. डॉ. पुष्कर अनंत जोगळेकर, नारायण पेठ (सही)
२. धम्मदीप पोपट ओव्हाळ, वारजे (सही)

ठिकाण: पुणे
दिनांक: ९ जानेवारी २०२६