शाहजादीबीची तबकडी आणि माझी मोटर

३ एप्रिल १९३९, मलकापूर
मी लहान असताना किसनमामा म्हणाले होते, या पोरीच्या हाती घड्याळ देऊ नका रे. माझी यंत्रबुद्धी सगळ्यांत आधी त्यांनीच ओळखली.
आता ती कामी येणार. शेजारच्या शाहजादीबीकडे ग्रामोफोनची एकच तबकडी आहे, बिदाईच्या गाण्याची. तिच्या अब्बांनी तिच्या लग्नात लावलेली. पुढच्या महिन्यात लेकीच्या, नसीमाच्या, बिदाईला तीच लावायची आहे. पण हल्ली गाण्याआधी भजी तळल्यासारखा आवाज येतो. मी म्हटलं, द्या, धुऊन देते. मशीनच करते. ती म्हणाली, विमलबाई, जपजा हो. अब्बाची एवढीच निशाणी हाय मले.
प्लॅन: फिरती चकती, वर मऊ ब्रश, थोडं पाणी. फिरवायला मोटर. मोटर ठरली की मशीन झालीच. दोन दिवस पुरे.

५ एप्रिल
मोटर ठरायची आहे. हे म्हणाले, ओल्या फडक्यानं पुसून टाक की. वकिली करणाऱ्यांना शास्त्र कळत नाही. यापुढे यांच्याशी मशीनविषयी बोलायचं नाही.

८ एप्रिल
आमच्याच ग्रामोफोनची चावीची मोटर. ट्रायलला आमची एक जुनी तबकडी. ब्रश टेकवला की मोटर थांबते. उचलला की झकास फिरते. म्हणजे मोटर उत्तम, दोष ब्रशाचा. पण ब्रशाशिवाय धुणं मनाला पटत नाही.

१५ एप्रिल, दुपार
यांचा पेटी-चरखा! मोठं चाक आडवंच, जसं काही तबकडीसाठी केलेलं. ठेवली, पाणी सोडलं, फिरवलं. फिरली! मग पाणी पेटीत उतरलं, लाकूड फुगलं. आता झाकण नीट उघडतही नाही आणि लागतही नाही. रोजचं सूत बुडाल्याबद्दल यांनी निषेध केला, पण चेहरा शाळेला सुटी मिळालेल्या पोरासारखा.

१९ एप्रिल
शिलाई मशीनही चालेल. शाहजादीबीचे मालक अब्दुल गनीभाई शिंपी. सहज दुकानात डोकावले. त्यांनी अदबीनं सलाम केला आणि मशीनवर चादर टाकली.

२ मे
विजेशिवाय गत्यंतर नाही. भाऊ शालिग्राम जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात आहे. तिथल्या टेबलफॅनची पाती काढायला लावली. तो म्हणाला, ताई, पंख्याले गाणं शिकवून राह्यली का तू? बटण दाबलं. आमची जुनी तबकडी उठली, मुनीमजींच्या टोपीवरून गेली आणि दाराबाहेर कापसाच्या ढिगात पडली. फुटली नाही. म्हणजे मोटर सुरक्षित आहे. फक्त स्पीड थोडा जास्त.
मुनीमजींनी पंखा परत मागितला. उन्हाळा आहे म्हणे.

११ मे
शाहजादीबी आली. काऊन विमलबाई, अजून नाही झालं? राहू द्या धुणं, जशी हाय तशी द्या. भजी तळली तं तळू द्या, लग्नघरच हाय. मी तिची समजूत घातली. अर्धवट काम करून देणं माझ्या स्वभावात नाही. ती बराच वेळ उंबऱ्यात घुटमळली. बिचारीचा यंत्रांवर विश्वास नाही.

१८ मे
लग्न तोंडावर. मोटरचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून तिची तबकडी हातानंच धुतली. काय देखणी निघाली! काळीभोर, आरशासारखी. वाळवायला तर मोटर लागतच नाही, मलकापूरचं ऊन आहे. गच्चीवर पापडांशेजारी ठेवली. जरा पडते.

संध्याकाळी
पापड उत्तम वाळले. तबकडीच्या कडाही वर आल्या आहेत, चारी बाजूंनी. द्रोणच. शालिग्राम म्हणाला, ताई, तबकडी लाखेची असते. बांगडीवाला लाख काऊन तापवते मंग? वाकवाले ना! हे आधी कुणी सांगायला नको?
पाट्याखाली दाबून ठेवली आहे. सकाळपर्यंत सपाट होईल.

१९ मे
सपाट झाली नाही. तडा गेला.

२२ मे
काल नसीमाचं लग्न. तबकडी नेऊन दिली. शाहजादीबीनं ती दोन्ही हातांत फिरवून पाहिली आणि म्हणाली, आता यात चटणी वाढा पाव्हण्यांले. बायका हसल्या. ती हसली नाही.
बिदाईला तिनं स्वतःच गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला आवाज बसला. पुढचे शब्द कुणालाच येत नव्हते. नसीमा तशीच दमणीत बसली, बैल निघाले.

२७ मे
दुपारची सुपारी कातरायला शाहजादीबी माझ्या ओट्यावर यायची. आठवडाभर आली नाही. आज मीच गेले. बसा म्हणाली, पाणी दिलं. पिऊन मी पेला कोनाड्यात ठेवायला उठले, तर तिनं तो झटकन माझ्या हातून काढून घेतला.
मोटरविषयी काही लिहावंसं वाटत नाही.
उद्या पुन्हा जाईन. म्हणेन, शाहजादीबी, तुमच्या घरचं काहीतरी मले सांभाळायले द्या. एखादा चमचा तरी.
ती देणार नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही दिला नसता.