मिळकतीचा रकाना

ता. २४ एप्रिल १९३३
आज नऊ घरं. ऊन मी म्हणतंय. सुटी लागली की ओटीवर लोळायचं ठरवलं होतं. पण पुण्याच्या प्रोफेसरांचं काम अंगावर घेतलं आणि वहाणेचा अंगठा तुटेपर्यंत फिरतोय. घरोघरी विचारायचं: आजा काय करत होता, बाप काय करत होता, मुलगा काय करतो, घरची मिळकत किती. गरिबाचं पोर वर चढतं का, आणि कर कोणावर किती बसवावा, हे म्हणे यावरून ठरवता येईल.

तक्ता मूळ इंग्रजी. मराठी मी केलं. ‘इन्कम’ला शब्द शोधण्यात दोन दिवस गेले. ‘उत्पन्न’ म्हटलं की इथले लोक भात आणि आंबे मोजू लागतात. ‘कमाई’ फारच बाजारी. शेवटी ‘मिळकत’. प्रोफेसरांचं उत्तर आलं: शब्द भारदस्त आहे. दिवसभर हवेत होतो.

नमुन्याचा तक्ता घरचाच भरून धाडला. आजा शेतगडी, बाप कोर्टात पट्टेवाला, मुलगा इंग्रजी शाळेत मास्तर. तोही त्यांना आवडला.

ता. ३ मे
जो तो पहिलं हेच विचारतो, “घरपट्टी वाढायची नाय ना?” मी छातीवर हात ठेवून सांगतो, कराशी संबंध नाही, कागद कोणाला दिसणार नाही.

आज शेवटचं घर भागीरथीचं. नवरा खलाशी होता, समुद्रातच गेला. बाई लोकांचं भात सडून घर चालवते. मुलगा दत्ताराम माझ्याच वर्गात, इंग्रजी सहावीत; फी माफ, म्हणजे नादारीवर शिकतो. भूमितीत हुशार. पुढच्या साली सातवी, म्हणजे मॅट्रिकला बसेल.

मिळकत विचारल्याबरोबर बाई ताठ बसली. “लिवा मास्तर. घर माजा. वरची कलमं माजी. खालचा भाताचा कुणगा माजा. सगळी मिळकत माज्या दत्तूची. लिवलात? वाचून दाकवा.”

वाचून दाखवलं. मग म्हणते, “अंगठा खय करू?”

अंगठा लागत नाही म्हणालो. ऐकेना. “अंगठ्याबिगर कागुद कसला?” दीड वाजून गेला होता, घरी फणसाची भाजी वाट बघत होती. करू दिला. शंभरावर तक्त्यांत अंगठा असलेला एवढाच. घरी सौ.ला सांगितलं, पुष्कळ हसलो.

ता. ४ मे
पाणंदीत भागीरथीचा दीर भेटला. कलमांवरून आंबे उतरवून घेत होता. कलमं, कुणगा सगळं त्याच्याच ताब्यात. वाटणीचा तंटा आहे म्हणे. बाईला पायरीचं एक फळही मिळत नाही.

म्हणजे काल तिने काय सांगितलं ते कळलं. परत जाऊन विचारायला हवं. उद्या जाईन.

ता. १९ मे
गेलो नाही.

पक्क्या प्रती झाल्या. कोष्टकात आकडा लागतो, म्हणून भागीरथीच्या कलमांचा आणि भाताचा अंदाज धरून आकडा मूळ तक्त्यातही मीच टाकला. अक्षर सुरेख आलंय. पुण्याला पक्की प्रत गेली, मूळ तक्ते शाळेच्या कपाटात. हे.मा. म्हणाले, बघू तरी काय उद्योग केलात ते. चावी दिली. हेडमास्तरांना नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर मलाच ते दाखवायचं होतं.

ता. ८ जून
प्रोफेसरांचं पत्र. काम नमुनेदार. दिवाळीनंतर मदतनीस म्हणून पुण्याला येता का? सौ.ने शेजारी सांगूनसुद्धा टाकलं. पुण्यात ओले काजू मिळतात का, असं आई विचारत होती.

ता. १४ जून
नादारीची यादी लागली. यंदा जागा कमी. दत्तारामचं नाव नाही.

हे.मां.कडे गेलो. त्यांनी कपाटातून तक्ता काढून पुढे ठेवला. “घर, कलमं, कुणगा. एवढं असून फी माफ? अक्षर तुमचंच ना?”

“हो.”

“अंगठाही आहे बाईचा.”

मी म्हणायला हवं होतं, सर, हा आकडा माझा आहे, बाईचा नाही. पण ते तिथेच थांबलं नसतं. एका घरी शब्द चुकीचा कळला तर बाकीच्या घरांचं काय? सगळे तक्ते फुकट. मी म्हणालो, “चौकशी करून सांगतो.” शाळा सुटेपर्यंत कोणाकडे मान वर करून बघवलं नाही.

ता. १५ जून
सकाळीच भागीरथी दारात. पदराला हात पुसत उभी. “मास्तर, माज्याकडं पैका हाय असा कुणी सांगितला वो शाळंत?”

सौ. आत पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.

म्हणालो, “वरून ठरतं ते.”

“वरून म्हंजे?”

“कमिटीत.”

बाई “बरा” म्हणून गेली. खोटं बोललो. चांगलं दोनदा बोललो.

ता. १८ जून
सौ. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते.

आज आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, माझी नादारी कशी झाली होती गं? आई तांदूळ निवडत होती.

“तुला घेऊन उभी ऱ्हायले हेडमास्तरापुढं. त्यांनी विचारलं, मिळकत किती? मी म्हटलं, मिळकत नाय.”

“आणि बाबांचा पगार?”

“पगाराचं कुणी विचारलं? मिळकत म्हंजे जमीनजुमला. तो होता काय आपला?”

मी तिथे होतो. दहा वर्षांचा, आईचा पदर धरून. शब्द न् शब्द ऐकलाय. म्हणजे आमच्याकडे मिळकत कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवायला नको होतं. प्रोफेसरांना ठाऊक नसेल, त्यांचा दोष नाही. मला ठाऊक होतं. कोर्टकचेरीचा शब्द वापरला की आपण पट्टेवाल्याचं पोर राहत नाही, एवढ्यासाठी वापरला.

त्याच शब्दावर मी चढलो आणि त्याच शब्दावर दत्ताराम...

ता. २ जुलै
प्रोफेसरांना पत्र लिहायला घेतलं. ‘तक्त्यातील मिळकत या शब्दाने गैरसमज झाला असण्याचा संभव...’ संभव कसला? फाडलं.

ता. ९ जुलै
दत्तारामची फी मी भरतो म्हणून निरोप धाडला. भागीरथीचं उत्तर आलं: मास्तरांचे उपकार, पण दिरानं विचारलं पैका कुठून आला तर बाईमाणसानं काय सांगायचं? बरोबर आहे तिचं. पैसे टाकून मोकळं व्हायला बघत होतो. तेवढं स्वस्त नाही हे.

दत्तारामने शाळा सोडली. त्याच्या बाकावर आता दुसरा बसतो. भूमितीचा तास नको वाटतो.

ता. २६ जुलै
पुन्हा पत्र लिहिलं. या वेळी सरळ: चूक माझी, शब्द माझा, आकडा माझा, सर्व तक्ते पुन्हा तपासावे लागतील. एक नक्कल हे.मां.साठी. पाकिटात घातलं, तिकीट लावलं. पोस्टापर्यंत गेलो, वाटेत गावचे दोघं-तिघं भेटले. “मास्तर, पुण्याला कधी?” हसलो आणि पाकीट घेऊन परत आलो. लाज वाटते. लिहायलाही लाज वाटते.

ता. २० ऑगस्ट
प्रोफेसरांकडून पुरवणी आली. ज्या घरचा मुलगा एवढ्यात धंद्याला लागला असेल, तिथे रकाना दुरुस्त करून कळवावा.

नारळीपौर्णिमा होऊन गेली. दर्या निवळला. मुंबईची आगबोट या आठवड्यात सुरू.

ता. २४ ऑगस्ट
संध्याकाळी भागीरथी आली. बरोबर दत्ताराम, डोक्याला तेल चोपडलेलं. परवाच्या बोटीने जातोय. मुंबईत तिचा भाऊ गोदीवर आहे, तो जहाजावर लावून देईल. बापाच्याच धंद्यात. दत्तारामने माझं भूमितीचं पुस्तक परत दिलं. नवं कव्हर घालून आणलं होतं. म्हटलं, “ठेव तुझ्याकडे.” तो म्हणाला, “जहाजावर भिजंल, सर.”

भागीरथीने पिशवीतून नारळ काढून ओटीवर ठेवला. नको नको म्हणालो तरी ठेवलाच. मग पायरी उतरताना मागे वळली.

“मास्तर, तो कागुद नीट ठेवलाव ना? पोर शिकला नाय तर नाय. पण मिळकत त्याच्या नावावर तुमच्या हातची लिवलेली हाय, अंगठा हाय. दीर काय करतो आता?”

म्हणालो, “ठेवलाय.”

“तुमी होतात म्हणून झाला,” म्हणाली आणि गेली.

शाळेच्या कपाटातून आणलेला तिचा तक्ता समोर घेऊन बसलोय. आजा खलाशी. बाप खलाशी. मुलगा: शिकतो. दुरुस्त करायला टाक उचलला होता, खाली ठेवला. पाकीट शेजारीच आहे, तिकिटाचा एक कोपरा सुटलाय. सौ.ने मघाशी खळीची वाटी आणून ठेवली.

टपाल उद्या सकाळी निघतं. बोट परवा. नारळ अजून ओटीवरच आहे, आत घ्यायला हात होत नाही.