गंगूबाईच्या हातावरचा पापुद्रा

नगर, बुधवार, १५ मार्च १९७२

मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडून गंगूबाईच्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलली गेली होती. आज डॉक्टरांनी त्या जखमेवर वारेचा पापुद्रा पसरला. सकाळीच आमच्याकडे बाळंत झालेल्या बाईची वार, बाळामागून पडलेली. पापुद्रा कांद्याच्या सालीहून पातळ. तिच्याच मांडीची कातडी काढून लावेपर्यंत हीच तिची कातडी. तो वारेपासून मीच सोडवून, धुऊन दिला.

दुपारी बाळाची आजी वार मागायला आली, पुरायला.

"सगळी हाय न्हवं, शिस्टर? थोडी बी मागं ऱ्हायली तर पोर तिकडंच वढ घेतं."

मी हो म्हणाले. का म्हणाले?

तेव्हापासून बाळ रडत होतं. आईजवळही राहीना.

संध्याकाळी गंगूबाईला बघायला गेले. बँडेजचा हात मांडीवर घेऊन ती तो हळूहळू हलवत होती. "उगी, उगी," म्हणत होती. मी विचारलं, दुखतंय का? "मला न्हाई दुखत," म्हणाली.

भिंतीपलीकडे बाळ गप झालं होतं. गंगूबाईला पापुद्र्याचं कुणीच सांगितलेलं नाही.

उद्या तो काढून दुसरा लावायचा आहे. सोलताना कोण रडणार?